जामीन कोण राहणार?

१९९० सालच्या मे महिन्यातली गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेच्या शाखेत फील्ड ऑफिसर होतो. त्या वर्षी केंद्र सरकारने शेतकरी, कारागीर आणि विणकर यांची दहा हजार रुपयांपर्यंतची थकबाकी माफ करण्याची योजना आणली होती आणि आमच्या शाखेत सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माफीच्या याद्या करण्याचे काम चालू होते. अशा एका दुपारी दोघे जण माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. एक चाळिशी उलटलेले गृहस्थ, पँटच्या पायाला सायकलची क्लिप लावलेले. दुसरा साधारण त्याच वयाचा, नव्या कापडाचा पांढरा सदरा घातलेला आणि त्या सदऱ्यात अवघडून उभा राहिलेला.

पहिल्यांनी ओळख करून दिली, "नमस्कार साहेब. मी प्रोबेशन ऑफिसर."

मला हसू आले. बँकेत प्रोबेशनरी ऑफिसर म्हणजे नुकताच भरती झालेला, अजून कायम न झालेला पोरगेलासा अधिकारी. या वयात तुम्ही अजून प्रोबेशनवर कसे, असे मी चेष्टेने विचारलेही. हा प्रश्न त्यांना नवा नसावा. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, मी प्रोबेशनवर नाही. जे प्रोबेशनवर असतात, त्यांचा मी ऑफिसर."

बरोबरचा माणूस येरवड्याहून सुटून आला होता. बांधाच्या भांडणात त्याने चुलतभावाच्या डोक्यात काठी घातली होती आणि चुलतभाऊ दगावला होता. सात वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात तो शिवणकाम शिकला. जून तोंडावर आला होता. शाळा सुरू झाल्या की गणवेशांची शिलाई निघते. शिलाई मशीन घेण्यासाठी त्याला अडीच हजारांचे कर्ज हवे होते. त्या काळी 'डी.आर.आय.' नावाची योजना होती. १९७२ पासून चालत आलेली, अगदी गरिबातल्या गरिबासाठी, अवघ्या चार टक्के व्याजाची. तिला तारण लागत नसे, जामीनदारही लागत नसे. मात्र बँकेत खाते उघडायचे तर जुन्या खातेदाराने ओळख द्यावी लागे, आणि ऑफिसरसाहेबांचे खाते होते जिल्ह्याच्या ठिकाणी, दुसऱ्याच बँकेत.

मी त्या माणसाला म्हणालो, "गावातल्या कुणाची तरी ओळख घेऊन या."

तो म्हणाला, "सायेब, वळखणारं लई हायत की. वळख द्यायला कुनी तयार न्हाई."

अर्जात 'मागील पाच वर्षांचा व्यवसाय' असा एक रकाना होता. त्यात त्याने लिहिले होते : शिवणकाम, येरवडा. खोटे काहीच नव्हते. मी तो अर्ज ठेवून घेतला आणि नियमात नसताना 'दोन सक्षम जामीनदार आणावेत' असा शेरा मारला. तसे ते आणू शकणार नाहीत हे मला माहीत होते. शाखाधिकाऱ्यांनी माझ्या शेऱ्याखाली सही केली. प्रकरण संपले. दुपारी मी पुन्हा माफीच्या याद्यांना लागलो.

हे सारे आज आठवण्याचे कारण म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या फौजदारी कायद्यात झालेले बदल. १ जुलै २०२४ पासून देशात तीन नव्या संहिता लागू झाल्या. त्यांवर वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा झाली, पण ती बहुतेक पोलीस, पुरावा आणि शिक्षा यांभोवती फिरत राहिली. त्या कायद्यांतल्या दोन तरतुदींकडे मात्र घरोघरच्या वाचकाने लक्ष द्यावे असे मला वाटते. पहिली, नागरिक सुरक्षा संहितेचे ४७९ वे कलम. जो माणूस पहिल्यांदाच आरोपी झाला आहे, त्याने खटला चालू असताना जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावे, आणि त्यासाठी तुरुंगाच्या अधीक्षकाने स्वतःहून न्यायालयाकडे अर्ज करावा, असे ते सांगते. फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असणारे यांना ही सवलत नाही. दुसरी तरतूद न्याय संहितेतली. तिने समाजसेवा ही प्रथमच शिक्षा म्हणून मान्य केली. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी असेल, पहिलीच वेळ असेल आणि चोरीचा माल किंवा त्याची किंमत परत केली, तर चोराला तुरुंगाऐवजी समाजोपयोगी काम करायला लावायचे.

दोन्ही तरतुदी चांगल्या आहेत आणि त्यांची निकड आकड्यांवरून दिसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे ३१ डिसेंबर २०२२ रोजी देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार २२० माणसे होती. तुरुंगांची क्षमता ४ लाख ३६ हजार २६६. त्यातले ४ लाख ३४ हजार ३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा आहे असे. थोडक्यात, देशातले तुरुंग केवळ कच्च्या कैद्यांनीच काठोकाठ भरले होते. शिक्षा झालेले त्यांच्यावर उरलेले.

तेव्हा माणसे बाहेर येणार आणि यायलाच हवीत. माझा प्रश्न एवढाच आहे की तुरुंगाच्या दाराबाहेर त्यांची वाट पाहत उभे कोण आहे? समाजसेवेची शिक्षा झाली, तर कोणते काम, किती दिवस, कोणाच्या नजरेखाली, याचा तपशील संहितेत नाही. तो राज्यांनी ठरवायचा आहे. सुटलेल्या माणसाला राहायला जागा आहे का, कामावर घेणारा कोणी आहे का, गावात त्याच्याविषयी काय वातावरण आहे, हे पाहणारा माणूस कोण? आपण चावी फिरवण्याचा विचार केला आहे, दार उघडल्यानंतरच्या रस्त्याचा केलेला नाही.

खरे म्हणजे असा माणूस आपल्या कायद्यात फार पूर्वीपासून आहे. मुंबई इलाख्यात १९३८ साली परिवीक्षेचा कायदा झाला आणि १९५८ साली संपूर्ण देशासाठी अपराधी परिवीक्षा अधिनियम आला. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकेल असा गुन्हा नसेल, तर चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर तीन वर्षांपर्यंत माणसाला तुरुंगाबाहेर ठेवण्याचा अधिकार या कायद्याने न्यायालयाला दिला. निर्णय देण्यापूर्वी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल विचारात घ्यायचा. त्यानंतर त्याच अधिकाऱ्याने त्या माणसावर देखरेख ठेवायची आणि गरज पडल्यास त्याला काम मिळवून देण्याची खटपटही करायची, असे कायद्याच्या १४ व्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. सरकारी अधिकाऱ्याने दुसऱ्यासाठी नोकरी शोधत हिंडावे, असे सांगणारे कायदे किती असतील?

या कामाचा उगम तर आणखीच बोलका आहे. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात जॉन ऑगस्टस नावाचा एक चांभारकाम करणारा गृहस्थ होता. १८४१ साली न्यायालयात एका दारुड्याला तुरुंगात पाठवणार एवढ्यात ऑगस्टस उभा राहिला आणि म्हणाला, मी याला जामीन राहतो. काही आठवड्यांनी त्याने त्या माणसाला धडधाकट अवस्थेत पुन्हा न्यायालयापुढे आणून उभे केले. पुढे १८५९ मध्ये मरेपर्यंत त्याने जवळजवळ दोन हजार माणसांसाठी हेच केले. इंग्लंडने १९०७ साली त्यावरून कायदा केला, तेव्हा त्या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत सल्ला देणे आणि साहाय्य करणे यांच्या जोडीला मैत्री करणे हेही लिहिले. म्हणजे या साऱ्या खात्याच्या मुळाशी एका अनोळखी माणसाने दुसऱ्यासाठी केलेली जामिनाची सही आहे. माझ्यासमोर आलेल्या माणसाला नेमकी तीच मिळाली नाही.

ते ऑफिसरसाहेब आता पंचाहत्तरी ओलांडून मिरजेला राहतात. आमची ओळख त्या दिवशी झाली ती तुटली नाही. बहुधा त्यांनीच मला त्यांच्या देखरेखीखाली घेतले असावे. लेखात नाव घालायचे नाही या अटीवर त्यांनी आपल्या जुन्या डायऱ्या मला दाखवल्या. त्यांच्या कचेरीच्या पाटीवर 'परिवीक्षा व अनुरक्षण' असे दोन शब्द होते. परिवीक्षा म्हणजे तुरुंगात न पाठवता सोडलेल्यांवर देखरेख; अनुरक्षण म्हणजे शिक्षा भोगून आलेल्यांची पुढची काळजी. पहिल्याला कायद्याचा आधार होता, दुसऱ्याला बहुतांशी त्यांच्या सायकलचा.

ते घरभेटीला नेहमी संध्याकाळी जात. गणवेश नाही, जीप नाही. शेजाऱ्यांनी विचारले तर एल.आय.सी.चा माणूस म्हणून सांगत, कारण सरकारी माणूस दारात आला हे कळले की घराची अब्रू पुन्हा एकदा वेशीवर टांगली जाते. पहिल्या भेटीत ते उपदेश करत नसत. रेशनकार्डावरचे नाव कमी झाले आहे का, रात्री झोपायला जागा कोणती, बायको माहेरी आहे की घरी, दारूच्या दुकानावरून जावे लागते का, एवढेच बघत. "पहिले तीन महिने गेले की निम्मी लढाई झाली," असे ते म्हणतात. आज रेशनकार्डाच्या जागी मोबाइल आला आहे. आत असताना बंद पडलेला क्रमांक दुसऱ्याच्या नावावर गेलेला असतो. त्यामुळे आधारशी जोडलेला क्रमांक नाही, म्हणून बँकेचा संदेश नाही, म्हणून खाते नाही, म्हणून मजुरी जमा होत नाही. अडचणीचे रूप बदलले, अडचण तीच आहे.

या कामातली खरी कोंडी दुसरीच आहे. हा अधिकारी त्या माणसाचा मित्र, आणि न्यायालयाचा डोळाही. १९८० च्या दशकात एक एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांच्याकडे होता. सायकलींच्या चोरीत सापडलेला. कायदा सांगतो की एकवीस वर्षांखालच्या अशा मुलाला तुरुंगात घालायचे तर न्यायालयाने त्याची कारणे लिहिली पाहिजेत. त्याला बंधपत्रावर सोडले. वर्षभर ठीक चालले. मग तो पुन्हा जुन्या टोळक्यात दिसू लागला. त्याच्या आईने साहेबांचे पाय धरले, एवढ्या वेळेला गप्प बसा म्हणाली. ते दोन रात्री झोपले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी न्यायालयाला कळवले. अटींचा पहिला भंग असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून पुन्हा संधी देण्याची सोय त्या कायद्यात आहे. १९५८ साली लिहिलेले पन्नास रुपये. न्यायाधीशांनी दंड करून मुलाला परत पाठवले. मुलगा पुढे गॅरेजमध्ये टिकला. आई मात्र साहेबांशी त्यानंतर कधी बोलली नाही. "ती बरोबर होती आणि मीही बरोबर होतो," ते म्हणाले. "हे ज्याला सोसत नाही, त्याने या नोकरीत येऊ नये."

इथे सुजाण वाचकाच्या मनात एक प्रश्न नक्की आला असेल, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्याचा माणूस मेला, ज्याचे घर लुटले, त्याने काय करायचे? सुटलेला माणूस आपल्याच गल्लीत राहायला आला तर आपण मुलांना अंगणात खेळू देऊ का? ही भीती खोटी नाही. तिला मागासलेपणा म्हणून हिणवणारे लोक बहुधा अशा गल्लीत राहत नसतात.

बांधाच्या भांडणातला तो माणूस माझ्या टेबलापाशी येण्याआधी साहेब कुठे गेले होते, हे मला अलीकडे त्यांच्या डायरीतून कळले. ते मेलेल्या चुलतभावाच्या विधवेकडे गेले होते. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या खेपेला तिने दार लावून घेतले. दुसऱ्या खेपेला ती रडली. तिसऱ्या खेपेला म्हणाली, "शिवू दे की कापडं. पन माज्या दारावरनं जायचं न्हाई." तिचे घर चावडीकडे जाणाऱ्या वाटेवर होते. तेव्हा त्या माणसाने ओढ्याकडच्या लांबच्या वाटेने जायचे असे ठरले. डायरीत नोंद आहे : 'ओढ्याची वाट. पावसाळ्यात चिखल. तरी कबूल.' हा निवाडा कोणत्याही न्यायालयाने दिला नव्हता, कोणत्याही कलमात तो बसत नव्हता. पण त्या बाईची भीती आणि त्या माणसाचे पोट या दोन्हींचा विचार एकाच वेळी करणारा एक पगारी माणूस तिथे होता, म्हणून तो झाला. अशा माणसाची गरज गुन्हेगारापेक्षाही त्याच्या शेजाऱ्यांना अधिक असते.

आता या कामावर यंत्राचा तोडगा सुचवला जात आहे. केंद्राने २०२३ साली तयार केलेल्या नमुना कारागृह कायद्यात रजेवर जाणाऱ्या कैद्याच्या अंगावर, त्याच्या संमतीने, ठावठिकाणा सांगणारे यंत्र बसवण्याची तरतूद आहे. जामिनावरच्या आरोपीने आपला ठावठिकाणा मोबाइलच्या नकाशावरून पोलिसांना सतत दाखवत राहावा, अशी अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात बजावले. खासगीपणाचा मुद्दा तर आहेच. माझा मुद्दा मात्र जुन्या बँकवाल्याचा आहे. यंत्र माणूस कुठे आहे ते सांगते. तो कसा आहे ते सांगत नाही. चावडीची वाट सोडून तो ओढ्याच्या वाटेने का जातो, हे नकाशावरच्या ठिपक्याला कसे कळणार?

बँकेत आम्ही हे अनुभवाने शिकलो होतो. कर्ज बुडणार हे अर्जावर दिसत नाही. कर्जदार बाजाराच्या दिवशी शाखेसमोरचा रस्ता टाळू लागला, की समजावे. नोटिसा सगळ्यांना जातात, पण वसुली होते ती फील्ड ऑफिसर अंगणात जाऊन बसतो तेव्हा. म्हैस आटली आहे, मुलीचे लग्न निघाले आहे, मोटार जळली आहे, हे त्याला तिथे दिसते आणि मग हप्ता पुढे ढकलायचा की तगादा लावायचा ते ठरवता येते. पुढे शाखांमधून फील्ड ऑफिसरांच्या फेऱ्या कमी झाल्या आणि मोबाइलवरचे संदेश वाढले. थकबाकीचे काय झाले, ते वाचकांनी वर्तमानपत्रांत वाचलेच आहे.

हाच धडा इंग्लंडने अधिक महाग शिकला. शंभर वर्षे जपलेल्या परिवीक्षा सेवेचा मोठा भाग त्यांनी २०१४-१५ च्या सुमारास खासगी कंत्राटदारांकडे दिला. हिशेब भेटींच्या संख्येचे झाले. प्रयोग फसला आणि जून २०२१ मध्ये सारे काम पुन्हा सरकारी सेवेत घ्यावे लागले. १० सप्टेंबर २०२४ पासून तुरुंगातली गर्दी कमी करण्यासाठी तिथे कित्येक कैद्यांना शिक्षेचा निम्म्याऐवजी चाळीस टक्के काळ संपताच सोडण्यास सुरुवात झाली, आणि सगळा भार आधीच वाकलेल्या परिवीक्षा अधिकाऱ्यांवर येऊन पडला. आपल्यापेक्षा किती तरी अधिक अधिकारी असलेल्या देशाची ही अवस्था. आपण दार उघडायला निघालो आहोत, तर हे पाहून ठेवलेले बरे.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे मात्र नाही. माझी शाखा होती तिथून आटपाडी लांब नव्हती. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत आहे. औंध संस्थानात १९३९ साली, बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकिर्दीत, मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या प्रेरणेने ती सुरू झाली. भिंती नाहीत, कैद्याने बायकामुलांसह राहायचे आणि शेती करायची. शांतारामबापूंचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' त्या प्रयोगावरून निघाला. १९५० च्या दशकात डॉ. मा. स. गोरे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने अनुरक्षणाच्या कामाचा देशव्यापी विचार केला. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगातल्या आणि तिथून सुटलेल्या माणसांबरोबर काम करतो आहे. कल्पनेची गरिबी आपल्याला कधीच नव्हती. दारिद्र्य आहे ते नेमणुकांचे. महाराष्ट्रात परिवीक्षेचे काम महिला व बालविकास विभागाकडे आहे, आणि परिवीक्षा अधिकाऱ्याचा बहुतेक वेळ बालकांच्या प्रकरणांत जातो. ते काम महत्त्वाचेच आहे. पण त्यामुळे सज्ञान अपराध्याच्या वाट्याला, कायद्यात असलेला माणूस प्रत्यक्षात येत नाही.

मग त्याच्या वाट्याला काय येते? तर जामीनदार शोधणे. संचित रजा, जिला आपण फर्लो म्हणतो, तिचे आपल्याकडचे १९५९ चे नियम पाहा. घरी ठेवून घ्यायला तयार असलेला आणि हमी देणारा नातेवाईक असल्याशिवाय रजा नाही. ज्याचे नातेवाईक मेले, विस्कटले किंवा विटले, त्याने काय करायचे? कच्च्या कैद्याचेही तेच. जामीन मंजूर होतो, पण पैसे भरणारा कोणी नसतो म्हणून माणूस आतच राहतो. केंद्राने २०२३ मध्ये गरीब कैद्यांसाठी योजना आणली. तीत सुरुवातीला जामिनासाठी चाळीस हजारांपर्यंत आणि दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदतीची तरतूद होती. ही योजना चांगली आहे. पण पैसा माणसाला दाराबाहेर आणतो. पुढे त्याच्यासोबत चालत नाही.

माझ्या मते आता तीन गोष्टी व्हाव्यात. सज्ञान अपराध्यांसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र परिवीक्षा अधिकारी असावेत आणि त्यांच्याकडे किती माणसे सोपवायची याला मर्यादा असावी. फील्ड ऑफिसरकडे हजार खाती दिली की तो फक्त नोटिसा पाठवतो. सुटकेची तारीख जवळ आली की त्या अधिकाऱ्याने आधीच गावात जावे, घर पाहावे, ज्यांचे नुकसान झाले त्यांना भेटावे. समाजसेवेच्या शिक्षेची देखरेखही त्याच्याचकडे द्यावी. ती पोलिसांच्या हजेरीवहीत गेली तर समाजसेवा संपेल आणि नुसती हजेरी उरेल. आणि तिसरी गोष्ट आम्हा बँकवाल्यांची.

तिची सुरुवात झालेली आहे, हे सांगायला मला संकोचमिश्रित आनंद वाटतो. १ मे २०२२ रोजी येरवडा कारागृहात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू झाली. आत असलेल्या कैद्याला पन्नास हजारांपर्यंत कर्ज, व्याज सात टक्के, परतफेड त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून, आणि जामीनदाराची गरज नाही. ती बातमी मी सकाळच्या चहाबरोबर वाचली आणि बत्तीस वर्षांपूर्वीचा माझ्या हातचा शेरा डोळ्यांपुढे आला. कैदी आत असताना त्याला कर्ज मिळू शकते. मग तो बाहेर आल्यावर का मिळू नये?

बँकेत मी स्वतः दोन वर्षे प्रोबेशनवर होतो. त्या काळात मी एकदा रोखीत चूक केली, एकदा चुकीच्या खात्यावर रक्कम टाकली. वरिष्ठांनी कान उपटले आणि सांभाळून घेतले, कारण त्या दोन वर्षांचा अर्थच तो होता. मला सांभाळायला माझ्या टेबलाशेजारी कोणी तरी बसलेले होते, एवढाच काय तो फरक.

त्या माणसाचे पुढे काय झाले, हे मी साहेबांना इतक्या वर्षांत विचारले नव्हते. या वेळी विचारले. त्यांनी डायरी काढून दिली. जून १९९० : गणवेशांचा हंगाम गेला, मशीन नाही. ऑगस्ट : इचलकरंजीस यंत्रमागावर कांड्या भरण्याचे काम मिळवून दिले. पुढच्या वर्षी : कारखान्यात चोरी, पोलिसांनी पहिल्यांदा यालाच विचारले, चोरीशी संबंध नाही, तरी मालकाने काढून टाकले. जिल्हा दुसरा, म्हणून कागद तिकडच्या कचेरीकडे पाठवला. १९९२ : पत्ता लागत नाही.

मशीन मिळाली असती तर तो माणूस गावात टिकला असता, असे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. कदाचित ओढ्याच्या चिखलाला कंटाळून तो एखाद्या दिवशी चावडीच्या वाटेने गेलाही असता. पण ते पाहायला साहेब तिथे होते. नव्हतो तो मी.

निघताना साहेबांना म्हणालो, "तुम्ही त्या दिवशी भांडायला हवे होते माझ्याशी."

ते म्हणाले, "भांडलो असतो तर पुढच्या माणसाला घेऊन तुमच्याकडे कसा आलो असतो?"

पुढच्या वर्षी ते खरोखरच आणखी एकाला घेऊन आले होते. त्याच्या खात्याच्या फॉर्मवर ओळख देणाऱ्याच्या जागी माझी सही आहे.